तिखट कान

उचगाव,
१२ जानेवारी २०२५

संयोगिता, पोरी,

तू पुण्याला नीट पोचलीस हे तुझा बाप काल कोडोलीहून येऊन सांगून गेला. आकारामला निरोप सांगायला निमित्त लागतं आणि निमित्ताला चहा लागतो. दोन कप झाले.

तू गेल्यापासून शेड सुनी वाटतीय. महिनाभर तू समोर मायक्रोफोन धरून बसायचीस आणि मी हातोडी मारायचो. ओतीव लोखंडाची साडेतीन हजार कास्टिंग वाजवली म्हणे. माझ्या लग्नातल्या बँडवाल्यानं एवढं वाजवलं नव्हतं.

हे काम शिकलात कुठं, असं तू विचारलं होतंस आणि मी गडबडीत उत्तर दिलं नाही. आता देतो. सतरा वर्षांचा असताना मी आणि तुझा बाप एकाच फाउंड्रीत लागलो. तो वाळूचे साचे भरायचा, मी ओतून आलेल्या मालाच्या कडा ग्राइंडरवर घासायचो. दिवसभर कानाशी ग्राइंडर. तिथं एक म्हातारा तपासनीस होता. प्रत्येक कास्टिंग तारेला टांगायचा आणि छोट्या हातोडीनं ठोकायचा. माल चांगला असला तर घंटेसारखा लांब वाजायचा. आत तडा किंवा पोकळी असली की आवाज मध्येच बसायचा. मी घासता घासता ऐकायचो. एक दिवस त्यानं पास केलेला एक नग मी बाजूला ठेवला. तो म्हणाला, का रे? मी म्हणालो, आवाज बसला. त्यानं नग फोडला, तर आत पोकळी. दुसऱ्या दिवशी त्यानं हातोडी माझ्या हातात दिली. ग्राइंडर सुटला. पुढं स्वतःची शेड झाली आणि लोक ‘तिखट कानाचा कुतुबुद्दीन’ म्हणून माल तपासायला माझ्याकडं पाठवायला लागले.

आता तुझं मशीन माझा कान शिकणार. शिकू दे. कान काही कबरीत नेऊन उपयोग नाही.

एक सांगून ठेवतो. मला फोन करू नकोस. फोनवर माणूस घाईनं बोलतं आणि नको ते दडवतं. पत्रात माणूस सापडतं. सयाजीचा टेंपो दर आठवड्याला तुझ्याकडं कास्टिंगची पेटी घेऊन येणारच आहे. त्याच पेटीत पत्र टाकत जाऊ.

तुझा,
कुतुबचाचा

---

पुणे,
२० जानेवारी २०२५

चाचांना नमस्कार,

पेटी मिळाली, आणि कास्टिंगच्या खाली दडवलेली चाचीची नानखटाईही मिळाली. सयाजीदादांना त्यातली दोन द्यावी लागली. वास आल्यावर ते दारातून हलेनात.

बातमी सांगते. शंभरात अठ्ठ्याण्णव! तुम्ही वाजवलेल्या नगांचे तीन हजार आवाज आम्ही मशीनला शिकवले. चांगला कुठला, बाद कुठला, हे तुमच्याच शब्दावर. उरलेले पाचशे मशीननं कधी ऐकले नव्हते. ते ऐकवून निकाल विचारला, तर शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा तो तुमच्याशी जुळला. आमचे धैर्यशील सर सहसा ‘हं’च्या पुढं जात नाहीत. ते म्हणाले, ‘हं, बरं आहे.’

आता खरी परीक्षा. ४ एप्रिलला तीन परीक्षक तुमच्या शेडमध्ये येणार आहेत. मशीन बनवणारीनं हजर राहायचं नाही अशी अट आहे. आमचं संशोधन कारखान्यात वापरण्यासाठी आहे, तेव्हा ते कारखान्यातल्या माणसांच्या हाती चाललं पाहिजे, आमच्या नाही. चाललं तर प्रकल्प आणखी दोन वर्षं पुढं जाईल आणि जिल्ह्यातल्या वीस शेडमध्ये मशीन बसेल. नाही चाललं तर प्रकल्प बंद. माझं तीन वर्षांचं काम कपाटात जाईल आणि मला बेंगळुरूच्या त्या कंपनीला हो म्हणावं लागेल, जिथं दिवसभर लोकांना जाहिराती कुठल्या दाखवायच्या ते ठरवतात.

तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमधल्या, गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या मालाच्या नोंदीही मी बघतेय. आवाज आणि त्या नोंदी जोडणं हाच माझ्या प्रबंधाचा गाभा आहे. त्याबद्दल पुढं कधीतरी लिहीन.

मशीन सयाजीदादांबरोबर पाठवतेय.

तुमची,
संयोगिता

---

उचगाव,
९ फेब्रुवारी २०२५

संयोगिता,

तुझं मशीन आलं. जेवणाच्या डब्याएवढं आहे म्हणून पूर्णिमानं आधी उघडून आत भाजी आहे का बघितलं. पूर्णिमा तुला आठवत असेल, तपासणीला माझ्या शेजारी बसते ती. सहा वर्षं झाली, हात चांगला आहे, जीभ त्याहून चांगली आहे.

मी नग वाजवला. हिरवा दिवा. दुसरा वाजवला, हिरवा. तिसरा वाजवला, मला शंका आली, आणि मी तोंड उघडायच्या आत लाल! दोनशे वाजवले. दोनशे वेळा मशीन माझ्या मताचं. चाळीस वर्षांत माझं एवढं ऐकणारं कुणी भेटलं नव्हतं. घरात तर नाहीच. बिबीजानला हे सांगितलं तर म्हणाली, त्याला अजून तुमच्याबरोबर राहायची वेळ आली नाही.

पुतण्या मोहसीनचं लग्न मलकापूरला आहे. चार दिवस तिकडं चाललोय. तोवर पूर्णिमा वाजवेल. तू निर्धास्त राहा. बेंगळुरूच्या लोकांना कळव, जाहिराती तुमच्या तुम्ही बघा.

कुतुबचाचा

---

उचगाव,
१८ फेब्रुवारी २०२५

संयोगिता,

लग्न छान झालं, जेवण त्याहून छान. ते नंतर.

परत येऊन शेडमध्ये पाऊल टाकतो तर पूर्णिमा हाताची घडी घालून उभी. चार दिवसांत तिनं सहाशे नग वाजवले आणि मशीननं सहाशेच्या सहाशे पास केले. शेवटी रागानं तिनं भंगारातला एक उचलला, ज्याच्या तड्यात नाणं उभं राहील, आणि तो वाजवला. हिरवा दिवा.

‘मालक,’ म्हणाली, ‘ह्ये मशीन न्हाय, नंदीबैल हाय. काय बी इचारा, मान डोलावतंय.’

मी म्हणालो, तुझा हात चुकत असेल, आण इकडं. तोच नग मी वाजवला. लाल. तिनं वाजवला. हिरवा. मी, लाल. ती, हिरवा. सगळी शेड काम सोडून गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, मशीन पण मालकाला भितंय.

हसण्यावारी नेलं, पण पोरी, मला काही कळेना. लोखंड तेच, हातोडी तीच. मशीन माणूस बघून निकाल देतंय?

कुतुबचाचा

---

पुणे,
२२ फेब्रुवारी २०२५

चाचा,

चार दिवस झोप नाही. प्रोग्राम तपासला, वायर बदलली, मायक्रोफोन बदलला. सगळं ठीक आहे. म्हणजे मशीन बिघडलेलं नाही, ते काहीतरी वेगळंच शिकलंय. तुमच्या आवाजांत असं काहीतरी आहे, जे पूर्णिमाताईंच्या ठोक्यात नाही. ते काय, हे मला सापडत नाही.

सोबत पेन ड्राइव्ह आणि हेडफोन आहेत. त्यात तुमचे शंभर आवाज आहेत, पन्नास चांगल्या नगांचे, पन्नास बाद. शेडच्या गलक्यात मला ढीगभर बारीकसारीक आवाज ऐकू येतात, त्यातला कुठला कुणाचा ते कळत नाही. तुम्हाला कळेल. तुमच्यासारखे कान आख्ख्या कोल्हापुरात कुणाला नाहीत. तुम्हीच ऐकून सांगा.

४ एप्रिलला एक्केचाळीस दिवस उरलेत. मी मोजत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

संयोगिता

---

उचगाव,
५ मार्च २०२५

संयोगिता,

रोजे सुरू झाले. यंदा ऊन लवकर तापलंय. बिबीजाननं खजूर पाठवलेत, सयाजीला दाखवू नकोस.

तुझे आवाज ऐकले. विशेष काही नाही त्यात.

मी एक सुचवतो. हजर राहायची बंदी तुला आहे, मला नाही. परीक्षक आले की मीच वाजवतो. माझं मशीन ऐकतंच, दिवे बरोबर लागतील, पाहुणे चहा पिऊन पुण्याला जातील. एकदा प्रकल्प पुढं गेला की मग सावकाश दुरुस्त कर. धंद्यात एवढं चालतं. माझी पहिली ऑर्डर मी दुसऱ्याचा ग्राइंडर आपला म्हणून दाखवून मिळवली होती.

तुझा बाप बरा आहे. म्हैस व्यायलीय, रेडी झाली.

कुतुबचाचा

---

पुणे,
९ मार्च २०२५

चाचा,

खजूर गोड आहेत. सल्ला नाही.

तुम्ही वाजवलंत तर मशीन पास होणार नाही, तुम्ही पास व्हाल. उद्या ते वीस शेडमध्ये बसलं की सगळीकडं हिरवा दिवा लागणार. ते नग ट्रॅक्टरच्या ब्रेकमध्ये जातात, चाचा. माझ्या मशीनवर विश्वास ठेवून कुणी ट्रॅक्टर घाटात घातला तर?

आणि एक विचारते. पत्रात माणूस सापडतं असं तुम्हीच लिहिलं होतंत. पाच तारखेच्या पत्रात तुम्ही मला सापडला नाहीत. शंभर आवाज ऐकून तुम्ही एक ओळ लिहिलीत, म्हशीवर लिहिलीत तेवढीच. एरवी एका नगावर तुम्ही अर्धा तास बोलता. काय दडवताय?

मी २० तारखेपर्यंत थांबते. नाही सापडलं तर सरांना सांगून टाकेन की जमलं नाही. खोटं पास होण्यापेक्षा ते बरं.

संयोगिता

---

उचगाव,
१४ मार्च २०२५

संयोगिता,

सापडलं. मला नाही, बिबीजानला.

काल रोजा सोडून मी हेडफोन लावून बसलो होतो. तुझे आवाज ऐकण्याचा सातवा दिवस. बिबीजान समोर लसूण सोलत होती. म्हणाली, कानात काय घालून बसता, सगळ्यांना ऐकू द्या की. लेक इरमनं हेडफोनची वायर काढली आणि आवाज घरभर झाला. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, तुला मराठीत सांगतो. चार-पाच ठोके झाले आणि लसणावरची नजर न काढता बिबीजान म्हणाली, ‘तुमची अंगठी वाजली.’

मी म्हणालो, कुठं?

‘ह्यात वाजली. ह्यात नाही. ह्यात वाजली. एवढी टिक्‌ टिक्‌ होतीय की. तीस वर्षं चहाच्या ग्लासावर तीच ऐकतीय मी.’

इरमनं कागद घेतला. बाद नगांचे पन्नास आवाज, त्यातल्या एकोणपन्नासात अंगठी. चांगल्यांचे पन्नास, त्यात फक्त दोनदा. मायलेकी माझ्याकडं बघत राहिल्या. मला, संयोगिता, एकदाही ऐकू आली नव्हती.

आता दडवलेलं सांगतो. तीन वर्षं झाली, माझ्या कानातून बारीक आवाज जातोय. ग्राइंडरकडं गहाण पडलेले कान आहेत, तो आता वसुलीला आलाय. मोठा नग अजून चांगला ऐकू येतो. लहान नगाचा सूर वर चढतो आणि विरतो. तो संपला की माझा कान संपला, कळत नाही. मग शंका आली की मी नगाला बोटं टेकवतो. नग चांगला असेल तर बोटांत मुंग्या आल्यासारखी थरथर राहते. बाद असेल तर ती लगेच मरते. आणि शंका आलेला नग बहुतेक वेळा बादच निघतो. बोटं टेकवताना अंगठी लोखंडाला लागते. तुझं मशीन लोखंड ऐकतच नव्हतं. माझी अंगठी ऐकत होतं. अंगठी वाजली की लाल. पूर्णिमाच्या हातात अंगठी नाही, म्हणून सगळं हिरवं.

फोन नको म्हणालो त्याचं कारणही तेच. फोनवर तू काय बोलतेस ते निम्मं कळत नाही.

तिखट कानाच्या नावावर ही शेड उभी आहे. कान गेला हे कुणाला सांगू? म्हणून तुलाही सांगितलं नाही, आणि तू महिनाभर माझा मोडका कान मशीनला शिकवत बसलीस. तुझी तीन वर्षं माझ्या फुशारकीनं वाया घालवली. मला माफ कर. सरांना सांगताना माझं नाव घेऊन सांग.

कुतुबुद्दीन

---

पुणे,
१७ मार्च २०२५

चाचा, माझे लाडके चाचा,

तुमचं पत्र वाचून मी प्रयोगशाळेत एवढ्यानं ओरडले की शेजारच्या खोलीतले लोक आग लागली म्हणून बाहेर आले. मग मी ते सरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सर हसले. चाचा, सर हसले! तीन वर्षांत मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले.

आता मी दडवलेलं सांगते. परत आलेल्या मालाच्या नोंदी आठवतात ना? मोठे नग परत यायचं प्रमाण तीन वर्षं जसंच्या तसं आहे. लहान नग दुपटीनं परत येतायत. मला डिसेंबरातच दिसलं होतं. वाटलं, चाचांचं लक्ष उडालंय, वय झालंय. सांगायला जीभ रेटली नाही. तुम्ही तुमचं दडवलंत, मी माझं. दोघांनी आधीच तोंड उघडलं असतं तर मशीन जानेवारीतच शहाणं झालं असतं.

आणि वाया काय गेलं? नीट ऐका, म्हणजे नीट वाचा. बोटांनी थरथर बघायची ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. शेडमध्ये गलका असतो, आवाज त्यात बुडतो. थरथर बुडत नाही. मी नखाएवढे सेन्सर आणतेय, ते नगाला चिकटवायचे. मशीन कानानं ऐकेल आणि बोटानंही, तुमच्यासारखं. फक्त अंगठी न घालता.

१९ तारखेला येतेय. या वेळी चार जण वाजवतील, आणि बाद ठरलेला प्रत्येक नग कापून आत बघायचा. तुमचा शब्द मला प्राणाहून प्रिय आहे, पण आता करवतीचा शब्द शेवटचा.

माझी एक अट आहे. तुम्ही कानाच्या डॉक्टरकडं जायचं. नाही म्हणालात तर चाचीला सांगेन. खरं तर तिला आधीच सांगितलंय.

तुमची,
संयोगिता

---

पुणे,
५ एप्रिल २०२५

चाचा,

पास! सरांनी काल संध्याकाळीच सांगितलं. पुढची दोन वर्षं मिळाली, वीस शेड मिळाल्या. बेंगळुरूला नाही कळवून टाकलं.

पण काय झालं ते सर सांगत नाहीत. नुसते हसतात आणि म्हणतात, उचगावात जे झालं ते तुझ्या चाचांनीच सांगावं. ईदेला तुमच्याकडं शिरखुर्मा खाऊन दोन तारखेला मी निघाले, तोवर तर सगळं साधंच चाललं होतं. केलंत काय तुम्ही? सयाजीदादांना म्हणावं, या वेळी वाटेत कुठं जेवायला थांबू नका.

संयोगिता

---

उचगाव,
१२ एप्रिल २०२५

संयोगिता,

उशीर मुद्दाम केला. एक काम पुरं करून मग लिहायचं ठरवलं होतं. ते शेवटी सांगतो.

तिघे पाहुणे दहाला आले. त्यांनी बरोबर साठ नग आणले होते, कुठला कसा आहे ते त्यांनाच माहीत. पूर्णिमानं वीस वाजवले, आपल्या हमालानं वीस वाजवले. उरलेले वीस त्यांच्यातल्या एका जाड चष्म्याच्या साहेबांनी स्वतः वाजवले. त्यांच्या एका हातात दोन अंगठ्या, दुसऱ्यात घड्याळ, आणि ते हातोडी मारत होते ती डास मारल्यासारखी. पूर्णिमा माझ्या कानाशी म्हणाली, आता बघा नंदीबैलाची मजा. पण नंदीबैलानं मान डोलावली नाही. साठांत एकोणसाठ बरोबर.

एक राहिला. लहान नग, मुठीत मावेल एवढा. साहेबांच्या यादीत चांगला, मशीनचा दिवा लाल. साहेब म्हणाले, इथं चुकलं. मग मला म्हणाले, तुम्ही ह्या कामातले जुने, तुम्ही बघा. मी अंगठी काढून ठेवली, नग टांगला, ठोकला, बोटं टेकवली. आख्खी शेड बघत होती. मी म्हणालो, चांगला आहे. मशीन चुकलंय.

पाहुणे वहीत लिहिणार एवढ्यात पूर्णिमा म्हणाली, ‘मालक, कापूया की. संयोगिताताई म्हणल्यात, करवतीचा शब्द शेवटचा.’

कापला. आत हरभऱ्याएवढी पोकळी.

 पाहुणे एकमेकांकडं बघतायत, पूर्णिमा जमिनीकडं. माझ्या डोळ्यासमोर तो म्हातारा तपासनीस उभा राहिला. त्यानं पास केलेला नग मी बाजूला ठेवला होता, त्या दिवशी त्याचं तोंड कसं झालं होतं ते मला चाळीस वर्षं आठवतंय. मला वाटायचं तो खट्टू झाला होता. आता कळलं, तो खूश झाला होता. आपल्यापेक्षा चांगला कान शेडमध्ये आलाय, आता घरी जाऊन निवांत झोपता येईल, असं ते तोंड होतं.

मला हसू फुटलं. असं फुटलं की थांबेना. मग पूर्णिमा हसली, हमाल हसला, चष्मेवाले साहेब चष्मा पुसत हसले. पाहुण्यांना घेऊन आलेले तुझे सर कोपऱ्यात उभे होते, तेही. त्यांचे दात मीही बघितले.

मशीनला हात नाहीत, म्हणून हातोडी पूर्णिमाला दिली. तपासणीची मुख्य आता ती. बाईसाहेबांनी पहिला हुकूम मलाच सोडला, ‘अंगठी घालून टेबलापाशी यायचं न्हाय.’ आणि शेडमधल्या सगळ्यांना मी सांगून टाकलं की माझा कान तीन वर्षांपूर्वीच गेलाय. वाटलं होतं, लोक हबकतील. हमाल म्हणाला, ‘मालक, आमास्नी म्हाईत हाय. आमी तुमच्याम्होरं मोठ्यानं बोलाय लागलो त्याला दोन वर्सं झाली.’

आता ते काम. काल कोल्हापुरात जाऊन कानाला मशीन बसवून घेतलं. शेंगदाण्याएवढं आहे. घरी आलो तर स्वयंपाकघरातून बिबीजानचं पुटपुटणं ऐकू आलं, माझ्याबद्दलच. तीन वर्षं ती काय काय बोलत होती आणि मी कशाकशाला मान डोलावत होतो ते आता कळतंय. तिलाही कळलंय की मला ऐकू येतंय. काल संध्याकाळपासून घर फार शांत आहे.

रात्रीचं जेवण झाल्यावर तिनं चहा पुढं ठेवला. मी ग्लास उचलला आणि थांबलो. खाली ठेवला, पुन्हा उचलला.

टिक्‌.

एवढासा आवाज, पोरी. एवढ्याशा आवाजानं आपल्या दोघांना महिनाभर नाचवलं. बिबीजान पदराआडून हसत होती. मी तो ग्लास दहा वेळा उचलला. चहा गार झाला, तर तिनं दुसरा आणला.

पत्रं लिहायला मला आवडतात, ती बंद करू नकोस. पण हे वाचून झालं की फोन कर. आता ऐकू येईल.

तुझा,
कुतुबचाचा